न ओढलेली बिडी

संघपाल गवई चिखलदऱ्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात त्याच्या पायाची बोटं जांभळी पडली. दुसऱ्या हिवाळ्यात करंगळी काळीठिक्कर झाली. अमरावतीच्या डॉक्टरांनी पाय पाहून विचारलं, "बिड्या किती ओढता?"

"एकबी नाही."

"सगळे असंच म्हणतात. बोटं अशी बिडीनेच काळी पडतात."

रक्त तपासायला पाठवलं, त्यात काही निघालं नाही. करंगळी कापावी लागली.

संघपालने उभ्या जन्मात बिडी ओठाला लावली नव्हती. पण डॉक्टरांचा शब्द घरी पोचला. बायको शालू त्याच्या सदऱ्यांचा वास घेऊ लागली. "माह्यापासून कावून लपवता?" म्हणे. वडील, देवमन, बुद्धाचं पंचशील काटेकोर पाळणारे. नशापाणी करणाऱ्या पोराशी त्यांनी बोलणंच टाकलं. पावसाळ्यात ते गेले, तेव्हाही अबोला सुटला नव्हता.

पुढच्या थंडीत हाताची बोटं काळवंडली. शालूने त्याला अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टर आकांक्षांनी बिडीचं नाव काढलं नाही. "उन्हाळ्यात कसं असतं?" एवढंच विचारलं.

"उन्हाळ्यात काईच नसते," शालू म्हणाली.

त्यांनी नळी ऊन करून रक्त काढलं, कोमट पाण्याच्या थर्मासात ठेवलं आणि स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिलं. "मागचं रक्त वाटेतच गार झालं असेल. मग शोधायचं तेच हातचं निसटतं."

आठवड्याने त्यांनी नळी दाखवली. रक्तातून वेगळं काढलेलं पिवळं पाणी थंडीत ठेवलं होतं. तळाशी पांढरा साका बसला होता. ऊन पाण्यात धरताच तो विरघळला.

"हे रक्तातलं प्रथिन. गारठ्यात थिजतं, बारीक रक्तवाहिन्या बुजवतं. फार थोड्यांना होतो हा आजार. बिडीचा संबंध नाही."

बाहेर बाकावर शालूने पदर तोंडाला लावला. "म्या भरोसा नाही ठेवला तुमच्यावर."

"मलेच कुठं राह्यला होता," तो म्हणाला. "सगळे म्हनून राह्यले, त वाटे, आपन झोपेत त ओढत नाही?" मग, "बाबाले आता कोन सांगन?"

उपचार सुरू झाले, तरी दोन बोटांची टोकं गेलीच. मूत्रपिंडालाही इजा झाल्याचं निघालं. त्याने खाली सपाटीवर बदली मागितली आहे, ती अजून आलेली नाही. गारठ्यामुळे हातमोजे घालतो; खडू नीट धरता येत नाही, म्हणून तोंडीच शिकवतो.