आगाऊ जी

कुलूप म्हणजे काय चीज असते हे ज्यांना साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही एका गाण्यामुळे कळलं, असे माझे थोरले साडू हे पृथ्वीतलावरचे एकमेव गृहस्थ असावेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सगळी सासुरवाडी त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. शनिशिंगणापूरला जन्मले, तिथेच वाढले आणि तिथेच शेती-म्हशी करत राहिले. त्या गावात घराला चौकट असते पण दार नसतं याचं साऱ्या जगाला कौतुक. दाजींना कौतुक आमच्या दारांचं. नगरला आमच्या फ्लॅटवर आले की आधी ते कडीला, साखळीला आणि त्या बारक्या भिंगाला हात लावून बघतात आणि 'एवढं काय हाय आत?' असं अगदी मनापासून विचारतात. एकदा आम्ही नवराबायको कामाला गेलो असताना ते एकटेच घरात होते. संध्याकाळी येऊन पाहतो तर दार सताड उघडं, दाजी गॅलरीत पेपर वाचताहेत आणि हॉलमध्ये अनोळखी बायका पंख्याखाली बसून पाणी पिताहेत. लिफ्ट बंद पडल्यामुळे जिना चढून दमलेल्या, वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी निघालेल्या पाहुण्या होत्या त्या. दार उघडं दिसलं, आल्या. दाजींना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. बाथरूमची कडी ते लावत नाहीत, आतून खाकरतात. त्यांच्या फोनला पासवर्ड नाही, आणि एटीएमचा आकडा ते मशीनसमोर मोठ्याने म्हणतात, कारण हळू म्हटला तर त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही.

यावरून कुणाला वाटेल की माणूस बेफिकीर आहे. तसं मुळीच नाही. आपलं आणि दुसऱ्याचं यांच्यामधली रेघ इतकी कडक पाळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. फक्त ती रेघ त्यांच्या दारावर नसून डोक्यात आहे. आमच्याकडची जुनी माणसं माझ्याला 'मपलं' आणि तुझ्याला 'तुपलं' म्हणतात. 'मपलं ते मपलं, तुपलं ते तुपलं' हे दाजींचं सगळं तत्त्वज्ञान. शेजाऱ्याच्या मोगऱ्याची एक फांदी त्यांना लावायला हवी होती. मध्ये कुंपण नव्हतंच, हात लांब केला की काम झालं असतं. पण शेजारी अकोले तालुक्यात लेकीकडे भातलावणीला गेलेला. न विचारता कशी तोडायची? दाजी थांबले. शेजाऱ्याला लेकीकडे करमलं, तो परत आला तोवर पाऊसकाळ सरला आणि फांदी लावायचे दिवस गेले. पुढच्या वर्षी विचारू म्हणाले, तर पुढच्या वर्षी मोगराच वाळला. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, अजून देवाला तगरीची फुलं घालते आणि घालताना एकदा नवऱ्याकडे बघते.

अक्काचं माहेर खर्ड्याचं. ती शाळेत असताना गावातल्या एका शाहिरांनी तिथल्या किल्ल्यावर पोवाडा रचला होता. एका कंपनीने त्याची कॅसेट काढायचं ठरवलं तेव्हा झील धरायला, म्हणजे शाहिराची ओळ संपली की मागून 'जी जी' म्हणत ती उचलून धरायला, शाळेतल्या मुली पुण्याला नेल्या. त्यात अक्का होती. दुसऱ्या कडव्याला शाहिरांची ओळ पुरती संपायच्या आत एक बारीक, कोवळा 'जी' एकटाच पुढे येतो आणि मग बाकीच्या जणी मागून धावत येऊन त्याला गाठतात. तो जी अक्काचा. स्टुडिओची वेळ संपत आलेली, पुन्हा गाणं शक्य नव्हतं. शाहीर 'आगाऊ पोरगी' एवढंच म्हणाले आणि कॅसेट तशीच बाजारात आली. पुढच्या कार्यक्रमाला अक्काला बोलावणं आलं नाही. तेव्हापासून ती गायलीच नाही. आरतीतसुद्धा ती नुसते ओठ हलवते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

दाजी मुलगी बघायला खर्ड्याला गेले तेव्हा आमच्या सासऱ्यांनी हौसेने तीच कॅसेट लावली. तो जी आला आणि चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या मुलीने डोळे गच्च मिटले. कुणाचा आवाज, हे दाजींना कुणी सांगावं लागलं नाही. 'मला पसंत हाय,' ते म्हणाले, आणि पत्रिका वगैरे गोष्टी मागाहून झाल्या. पसंत काय होतं, मुलगी की जी, असं अक्का त्यांना अजून विचारते. लग्नानंतर ती कॅसेट दाजींनी आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवली. तो जी यायच्या आधी ते बोट वर करायचे, आणि अक्का नेमकी त्याच वेळी आत काहीतरी आणायला जायची. शेवटी एक दिवस टेपरेकॉर्डरने ती कॅसेट गिळली. त्या दिवशी अक्काने पुरणपोळ्या केल्या असं दाजी सांगतात. अक्का म्हणते, सण होता.

पुढे तोच पोवाडा गाणी विकणाऱ्या एका ॲपवर मला सापडला. जसाच्या तसा, जीसकट. दाजींनी रीतसर तो विकत घेतला आणि धार काढताना ऐकू लागले. सुख फार दिवस टिकलं नाही. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातल्या एका दोस्ताला त्यांना ते गाणं पाठवायचं होतं, ते जाईना. रिंगटोन लावू म्हणाले, तेही होईना. त्यांनी मला फोन केला.

'पाव्हणं, गान्याला कुलूप हाय म्हंत्यात.'

'हो, कुलूपच म्हणा.'

'आन् किल्ली?'

'ती कंपनीकडे असते.'

दाजींनी फोन ठेवला.

खरी पंचाईत पुढेच झाली. फोन गोठ्यात पडला आणि त्यावर म्हशीने पाय दिला. नवा फोन घेतला, त्यात गाणं दिसायचं पण वाजायचं नाही. या फोनवर वाजवण्याची परवानगी नाही, अशी सूचना यायची. मी शिंगणापूरला गेलेलो असताना आम्ही कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. दाजींनी सरळ मुद्द्याला हात घातला. 'त्ये गानं मपलं हाय का तुपलं, येवढंच सांगा.' पलीकडची मुलगी शहरातली असावी. ती अदबीने म्हणाली, 'सर, आमच्याकडे तूप मिळत नाही.' मग मी फोन घेऊन सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि तितक्याच गोड आवाजात सांगितलं की आपण गाणं विकत घेतलेलं नाही, गाणं ऐकण्याचा परवाना घेतलेला आहे. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. 'मंजी म्हैस न्हाई घेतली. धार काढायची परवानगी घेतली. आन् दावं त्येंच्या हातात.' घोडेगावच्या बाजारात दावं हातात आलं की सौदा पुरा. दावं स्वतःकडे ठेवून म्हैस विकणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि गंमत म्हणजे त्यांना राग आला नव्हता. आपण गिऱ्हाईक म्हणून कुठे चुकलो याचाच ते विचार करत होते.

काही दिवसांनी त्या ॲपने आपला गाशाच गुंडाळला. किल्लीवालाच नाहीसा झाला म्हटल्यावर मी दुसरीकडे शोधलं, तर एका नव्या ॲपवर तोच पोवाडा फुकट ऐकायला होता. मोठ्या उत्साहाने मी तो त्यांच्या ओसरीवर लावला. आवाज काचेसारखा स्वच्छ. दुसरं कडवं आलं, दाजींनी बोट वर केलं, शाहिरांची ओळ संपली आणि सगळ्या मुलींचा जी एकदम, एका तालात आला. कुणीतरी यंत्रावर बसून ती चूक दुरुस्त केली होती. दाजींचं बोट तसंच वर राहिलं.

'पाव्हणं,' ते म्हणाले, 'ह्यात तुमची मेव्हनी न्हाई.'

अक्का आतून बाहेर आली. 'गेली का? बरं झालं. इतकी वर्सं जिवाला घोर हुता,' असं म्हणून तिने मला ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि या खेपेला आत न जाता खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकलं. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. दाजी त्या दिवशी एका भाकरीवर उठले. कुणाची बाजू घ्यावी ते मला कळेना.

यानंतर दाजींना घोडेगावात एक मोबाईलवाला भेटला. टेम्पोवाल्यांना कार्डात गाणी भरून देणं हा त्याचा धंदा, आणि त्याच्या जुनाट कॉम्प्युटरमध्ये तो पोवाडा मूळच्या रूपात, आगाऊ जीसकट शाबूत होता. भला माणूस, तो आपण होऊन म्हणाला, 'काका, देतो की टाकून, घिऊन जा.' दाजींनी नको म्हटलं. त्याऐवजी दर बाजारच्या दिवशी त्याच्या दुकानात स्टुलावर बसायचं, पोवाडा ऐकायचा आणि रिकाम्या खिशाने गावाकडे परतायचं, असा त्यांचा परिपाठ सुरू झाला. ऐकणं ही चोरी नाही, नेणं ही चोरी, असा त्यांचा हिशोब. एकदा मी बरोबर होतो. मला खरंच राग आला. म्हटलं, दाजी, हे गाणं तुम्ही एकदा विकत घेतलेलं आहे.

'घेतलं. पन ह्येच्याकडनं न्हाई.'

'ज्याच्याकडून घेतलं तो दुकान बंद करून गेला.'

'शेजारी गावाला गेला म्हनून फांदी तोडायची व्हय?'

'दाजी, तो मोगरा वाळला,' मी म्हणालो.

ते स्टुलावरून उठले आणि गाडीत जाऊन बसले. मी ते म्हणायला नको होतं असं मला वाटत राहिलं, आणि पुढे झालंही मोगऱ्यासारखंच. यंदाच्या उन्हाळ्यात त्या मोबाईलवाल्याचा कॉम्प्युटर कायमचा बसला आणि त्यातलं काहीच परत मिळालं नाही. त्याने स्वतः फोन करून दाजींना कळवलं, आणि कुणाच्या घरी वाईट झाल्यावर बोलतात तसं हळू आवाजात बोलला. अक्काचा तो जी आता माझ्या माहितीत कुठेही नाही.

दिवाळीनंतर आम्ही शिंगणापूरला गेलो होतो. धारेची वेळ होती. मी गोठ्याच्या कडेला बाजेवर बसलो होतो, दाजी म्हशीखाली. फोन गप्प झाल्यापासून ते शाहिरांच्या ओळी स्वतःच म्हणतात. आवाज असा की म्हैस थोर मनाची म्हणून पान्हा सोडते. दुसरं कडवं आलं. एरवी ते ओळ संपली की जरा थांबतात आणि मग आपणच जी म्हणून पुढे जातात. त्या दिवशी त्यांची ओळ अजून संपायची होती, आणि आतून, चुलीपाशी बसलेल्या अक्काचा जी आला. आवाज पार बसलेला, जाडसर, मध्येच तुटणारा. पण ओळीच्या आधी.

दाजींचे हात थांबले. दुधाची धार थांबली. म्हशीने मान वळवून पाहिलं.

अक्का चौकटीत येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं. 'मी काय मुद्दाम न्हाई म्हनलं,' ती म्हणाली. 'मला ती वळ तितंच सपल्यासारी वाटती. तवाबी वाटली हुती.'

मी खिशातून फोन काढला होता. पुन्हा म्हण, असं तिला सांगणार, तोच दाजींनी मला पाहिलं. 'तिला इचारा आधी,' ते म्हणाले. 'त्यो जी तिचा हाय.'

मी विचारलं. अक्काने थोडा विचार केला आणि मान हलवली. 'नगं, पाव्हणं. त्यात नगा घालू. ऐकावं वाटलं तर यावं की हितं. आमाला कुठं दार हाय?'

मी फोन खिशात ठेवला. दाजी पुन्हा धार काढू लागले. त्यानंतर आमच्या शिंगणापूरच्या खेपा जरा वाढल्या आहेत. बायको म्हणते बहिणीला भेटायला, मी म्हणतो दुधासाठी. धारेच्या वेळी दाजी दुसरं कडवं म्हणतात आणि आम्ही सगळे गप्प बसतो. कधी आतून जी येतो, कधी अक्काचा घसा बरा नसतो.