मशीन थांबवणारे टिपणीस साहेब

गणपतची काहीच चूक नव्हती.

हे तोंडावर सांगणारा कंपनीत एकच माणूस निघाला. आमचे मेंटेनन्स मॅनेजर, टिपणीस साहेब.

आज सकाळी अंबरनाथ पश्चिमेला, राहत्या घरी साहेब गेले.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमची केमिकल कंपनी, मालक एक शेठ. मशीन मोडेपर्यंत चालवायचं, मोडलं की दुरुस्त करायचं. तेव्हा तसंच चालायचं.

ओला माल गरगर फिरवून त्यातलं पाणी काढणारं सेंट्रिफ्यूज बरेच दिवस थडथडत होतं. एका दुपारी ते चालू असतानाच फुटलं.

समोर गणपत होता. बदलापूर गावचा. जागीच गेला.

मॅनेजमेंटने ठरवलं, ऑपरेटरची चूक दाखवायची. माल जास्त भरला म्हणायचं.

फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "माल बरोबर भरला होता. मशीन खराब होतं. मला माहीत होतं. मी शेठना सांगितलं, पण मी स्वतः ते बंद केलं नाही."

मग बदलापूरला जाऊन गणपतच्या बायकोलाही हेच सांगितलं. मी सोबत होतो.

ती म्हणाली, "बंद करायचं होतं ना, साहेब."



साहेबांचं प्रमोशन कायमचं अडकलं.

पण तेव्हापासून त्यांनी प्रत्येक मशीन, चांगलं चालत असलं तरी, ठरलेल्या दिवशी उघडून तपासायला सुरुवात केली. शेठशी भांडून. आणि आम्हा ऑपरेटर लोकांना सांगितलं, "शंका आली तर थांबवा. विचारायला येऊ नका."

काही वर्षांनी एक्सपोर्टचा माल निघायचा होता. मला नव्या सेंट्रिफ्यूजचा आवाज वेगळा वाटला. मी बंद केलं.

उघडलं तर आत सगळं ठीक. अख्खी शिफ्ट वाया.

शेठ आले. "किसने बंद किया?"

साहेब म्हणाले, "मैंने करवाया."

शेठ नको नको ते बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं.

शेठ गेल्यावर मी म्हटलं, "सॉरी साहेब, माझ्यामुळे..."

"मोरे, उद्या परत तसा आवाज आला तर काय करशील?"

मी बंद मशीनकडे पाहिलं.

"बंद करायचं," ते म्हणाले, आणि दोघांसाठी चहा सांगितला.

मी त्याच कंपनीतून धडधाकट रिटायर झालो. गणपतनंतर माझ्याबरोबरचे सगळेच आपापल्या पायांनी घरी गेले.

साहेब, शेवटचा नमस्कार.

तुमचा,
मोरे