काकांच्या पूजेतली युफोर्बियाची फुलं

मंगळवारची सकाळ. देवासहून पीथमपूरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी पेंगत होतो, तेवढ्यात धारच्या काकांचा पूजेचा फोटो आला. सवयीनं हात जोडल्याची खूण टाकली आणि डोळे मिटले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, रिटायर्ड मास्तर. रोज पूजा झाली की देवांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात आणि आम्ही सगळे हात जोडतो. खरं सांगू? तो फोटो मी कधी उघडून पाहिलाच नव्हता...

आमची औषधांची कंपनी, मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दहाच्या चहाला काढला, तर मंजूवहिनीचा, म्हणजे काकांच्या सुनेचा मेसेज. काकांच्या डोळ्यांची भयंकर आग होतेय, उजवा तर उघडतच नाही, डॉक्टरकडे नेतेय.

उजवा म्हणजे दीड महिन्यापूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा.

ग्रुपवर तोवर सगळेच डॉक्टर झाले होते. कोणी म्हणे गुलाबपाणी घाला, कोणी म्हणे ऑपरेशनच बिघडलं. माझा चहा तसाच राहिला. बसवेना, उभं राहवेना... नुसता कॅन्टीनच्या दारात येरझाऱ्या घालत होतो. हाताला चाळा म्हणून सकाळचा फोटो उघडला.

बाळकृष्णाच्या पायाशी टिकलीएवढी लाल फुलं. दोन-दोन पाकळ्यांची. अरे देवा... ही तर मी दिलेल्या कुंडीतली.

झालं असं होतं, ऑपरेशननंतर काकांना बघायला गेलो तेव्हा त्यांच्या जास्वंदीला कीड लागली होती. देवाला लाल फूल नाही म्हणून हिरमुसले होते बिचारे. घराशी थोडा रंग असावा म्हणून मी नर्सरीतून युफोर्बिया आणून दिला. काटेरी झुडूप, पण बारा महिने हिरवं, बारा महिने फुललेलं.

नर्सरीवाल्यानं निघताना बजावलं होतं, "भिया, इसके दूध से आँख बचाना." मी हो-हो केलं आणि काकांना सांगितलंच नाही. वाटलं, एवढ्या काट्यांत हात कोण घालणार!

आणि हे कोणाबद्दल? परडी घेऊन शेजाऱ्याच्या कुंपणावरचंही फूल न सोडणाऱ्या माणसाबद्दल! फुलं खुडताना तो दुधासारखा चीक बोटांना लागला असणार. पूजा झाल्यावर तीर्थ घेऊन ओला हात डोळ्यांना लावायचा, ही सवय तर लहानपणी त्यांनीच आम्हाला लावली.

लाज वाटते लिहायला, पण क्षणभर मनात आलं, गप्प बसावं. डॉक्टर आहेत की, ते बघतील... मग स्वतःचाच राग आला.

वहिनीला फोन लावला. उचलेना. सहा-सात वेळा लावला. शेवटी ग्रुपवरच लिहिलं, ती फुलं मी दिलेल्या झाडाची आहेत, त्याचा चीक डोळ्यांना वाईट असतो, डॉक्टरांना लगेच सांगा, चूक माझी आहे. मग पुन्हा येरझाऱ्या. सुपरवायझरनं माझा चेहरा पाहून न विचारताच हाफ डे दिला.

धारच्या बसमध्ये असताना वहिनीचा फोन आला. डॉक्टरांना ऑपरेशनच्या जागी इन्फेक्शनची शंका होती, इंदूरला पाठवायची चिठ्ठी लिहीत होते. माझा मेसेज वाचून तिनं चीक म्हटल्यावर त्यांनी काकांना आडवं करून दोन्ही डोळे कितीतरी वेळ धुतले. वरून भाजलंय, आतलं भिंग ठीक आहे म्हणाले. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

घरी पोचलो तर काका पलंगावर, उजव्या डोळ्याला पट्टी. मी बसलोसुद्धा नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं की नर्सरीवाल्यानं मला सांगितलं होतं, मीच तुम्हाला सांगितलं नाही.

काकांनी हात धरून मला पलंगावर बसवलं. मग म्हणाले, "तू फोटो उघडून पाहिलास म्हणून कळलं रे. मला वाटायचं, कोणी बघतच नाही."

मी म्हटलं, "बघतो की, काका." धडधडीत खोटं...

शुक्रवारी पट्टी निघाली. नजर शाबूत आहे, देवाची कृपा. कुंडी फेकायला निघालो तर काकांनी अडवलं, झाडाचा काय दोष म्हणाले. आता ती गच्चीच्या कोपऱ्यात आहे आणि परडीला तिकडे जायला बंदी आहे.

आज सकाळी बसमध्ये फोटो आला. उघडला, मोठा करून पाहिला. नुसती तुळस होती. लिहिलं, "काका, आज फूल नाही?"

लगेच त्यांचा फोन. जास्वंदीला नवी पालवी आलीय, कीड गेली, एक कळीही दिसतेय... बस पीथमपूरला पोचली तरी काका बोलतच होते.