न विचारता वाढणारं घर

निपाणीत आमच्या घरी पाहुण्याला 'काय घेणार?' असं विचारत नाहीत. विचारलं म्हणजे द्यायचं मनात नाही, असं आमच्या आईचं ठाम मत. तिला घरात सगळे आक्का म्हणतात, मीही. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला, तर ती बोटांच्या फटीतून भात सोडते.

आमची धाकटी मुलगी साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. बसायला, चालायलाही तिला उशीरच झाला होता. कान तपासले, ते उत्तम निघाले. डॉक्टरांनी बेळगावातल्या एका थेरपी केंद्रात पाठवलं आणि दर मंगळवारी आमचा संकेश्वरवरून बसप्रवास सुरू झाला. तिघांच्या बाकावर खिडकी मुलीची, मधली जागा बायकोची आणि पिशवीनं सोडलेली अर्धी माझी.

काळजी एकाच गोष्टीची होती. जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचं होतं. तिथल्या बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "बोलली न्हाय तरी चालतंय. पाणी पायजे एवढं तरी कळवाय यावं." घरी तिच्या नुसत्या बघण्यावरून आम्हाला सगळं कळायचं. पण बालवाडीतल्या एवढ्या पोरांत तिची नजर कोण वाचत बसणार? तहान लागली तर ही सांगणार कशी, या विचारानं मला ऑफिसात बेरजा दोनदा कराव्या लागत.

थेरपी म्हणजे यंत्रं असतील, असा माझा समज होता. खोलीत एक सतरंजी होती, मोठा चेंडू होता आणि चुरमुऱ्यांची, घट्ट झाकणाची बरणी होती. थेरपिस्ट मॅडम तरुण होत्या. घरी कन्नड, पण मराठी झकास बोलत. त्यांनी बरणी मुलीपुढे ठेवली आणि गप्प बसल्या. मुलीनं बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी झाकण उघडून दिलं.

मॅडमनी झाकण परत लावलं. "पुन्हा एकदा करू या, सर."

मुलीनं पुन्हा बघितलं. या वेळी बायकोनं उघडून दिलं.

"आधी कुणाची थेरपी करायची?" मॅडम हसू लागल्या.

उशीर आमच्यामुळे झालेला नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. मात्र मागायची गरजच पडत नसेल, तर ती मागणार कधी? म्हणून वस्तू तिला दिसेल अशी धरायची, मनात दहापर्यंत मोजायचं आणि थांबायचं. तिनं हात केला, आवाज काढला, काहीही केलं की लगेच द्यायचं. दहा झाले तरी काही नाही, तर शब्द आपण म्हणायचा आणि द्यायचं. रडवायचं नाही.

घरी आल्यावर आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि उसळली. "घरच्या पोरीला मागाय लावायचं? भिकारी हाय व्हय ती?"

"आक्का, भीक न्हवं. बोलायला जागा ठेवायची."

"तुला कधी ठेवली न्हाय जागा. तरी बोलतोयसच की!"

बायको स्वयंपाकघरात जाऊन हसली. पण दुसऱ्या दिवशी आक्काच शिकरणाची वाटी धरून नातीसमोर बसलेली दिसली. तिचं मोजणं मोठ्यानं चाललं होतं. "एक, दोन, धा. झालं, घे माझी बाय."

"तीन ते नऊ कुठं गेलं?" मी विचारलं.

"हिशेब तुझ्या हापिसात घाल."

हळूहळू आक्का सहापर्यंत पोचली. मुलीचा हात पुढे यायला लागला, कधी त्याबरोबर 'अं' असा आवाजही. बेळगावला मॅडमसमोर तिनं पाण्याच्या बाटलीसाठी एकदा 'पा' म्हटलं. ते मॅडमनीच म्हणवून घेतलं होतं आणि समोर आम्ही होतो, म्हणून मी ते जमेला धरलं नाही.

मे महिन्यात संकेश्वरला नात्यातल्या एकाचं लग्न होतं. पंगतीत मी आणि बायको, आमच्या मधे मुलगी, माझ्या दुसऱ्या बाजूला आक्का. वाढपी मंडळी भराभरा येत होती, कुणी कुणाला विचारत नव्हतं. मुलीनं ठेच्याला बोट लावलं आणि ते तोंडात घातलं. डोळ्यांत पाणी आलं. तिनं रिकाम्या पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा पेला भरलेला होता. मी तो उचलायला हात घातला, तोच शेजारून आक्काचा हात आला आणि तिनं माझं मनगट धरलं. धरलं ते चांगलंच.

पाण्याची बादली घेतलेले नवरीकडचे एक काका आमच्यासमोरून पुढे गेले. त्यांना ही पोरगी कोण, काय, काही माहीत नव्हतं. त्यांची पाठ आमच्याकडे होती. मुलीनं त्या पाठीकडे बघितलं. पाठीला नजर कळेना. तिनं पेला उचलला आणि ओरडली, "पा!"

"आलो, आलो गं बाय!" म्हणत काका मागे वळले आणि त्यांनी पेला काठोकाठ भरला. ती घटाघटा प्यायली, निम्मं झग्यावर सांडलं.

"आणि कुणाला पाणी?" काकांनी आमच्याकडे बघत विचारलं.

आक्कानं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. ते पुढे निघाले, तेव्हा तिनं पुन्हा पेला वर केला.