सुमनमावशीनं वहिनीचे ओठ पाहिले

महिना झाला. नांदेडच्या ऑफिसात डबा उघडत होते, तेवढ्यात दादाचा औशाहून फोन आला, "सुमनमावशी गेली गं..." ऐंशीच्या घरातली बाई, कोणाकडून काही करून न घेता झोपेतच गेली. रडले, पण मन शांत होतं. निलंग्याला तिच्या जलदानविधीच्या दिवशी जो तो तिनं आपल्याला कसं झापलं होतं, तेच हसत सांगत होता. माझं तेव्हा सांगितलं नाही, ते इथं लिहिते.

मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि त्याचा मला लई तोरा. पदवी मिळाली त्याच वर्षी माझा चेहरा मुरुमांनी भरला. लातूरच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, या चालू असताना दिवस जाता कामा नयेत, बाळात व्यंग येऊ शकतं. माझं लग्न व्हायचं होतं. तसं लिहिलेल्या कागदावर सही केली, विसरून गेले. चेहरा असा उजळला की दादाची नवी नवरी मागं लागली, "ताई, मलाबी द्या की." दिल्या. आमच्याकडं गुण आलेली गोळी अशीच घरभर फिरते.

पंधरा दिवसांनी मावशी आली. वहिनीनं चहा पुढं केला, तर मावशीनं कप सोडून तिची हनुवटीच धरली. "ओठ कशानं फुटले? काय खाऊन राहिलीस तू?" वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी कॅप्सूलचं पाकीट आणून दिलं. त्यानं ओठ फुटतात हे ठाऊक असलेल्या मावशीनं ते बघून एवढंच विचारलं, "पाळी?"

"चार दिस वर झालेत... आत्याबाई तर खुशीत हायत." आत्याबाई म्हणजे माझी आई, तिची सासू.

"मावशी, माझ्यामुळं..."

"रडू नको. शिकलेली हायस ना? मग दादाला तूच सांग."

सांगितलं. त्याच दुपारी मावशीनं आम्हा दोघींना लातूरला नेलं. तपासणीत दिवस नव्हते. आठवड्यानं पुन्हा तपासलं, तेव्हाही नव्हते. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, महिनाभर दिवस जाऊ देऊ नका म्हणाले. परतीच्या एसटीत मावशी शेंगा फोडून आमच्या हातावर ठेवत राहिली, मला एका शब्दानं बोलली नाही. वहिनीला पुढं दोन लेकरं झाली, धडधाकट.

तेव्हापासून वहिनी साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा मावशीला फोन करून घ्यायची. परवा फोन मला आला. "ताई, गुडघ्यासाठी शेजारणीनं गोळी दिलीय. मावशी तर न्हाई... आता तुम्हालाच इचारायचं."

मला!

"घेऊ नका वहिनी," म्हटलं. "शनिवारी मी येते. दवाखान्यात संगं जाऊ."