धुण्याच्या फरशीची बैठक

मुडबीच्या बाजूच्या खेड्यांत मी तीस वर्षं लग्नांना माइकसेट लावला. शाळा चौथीपर्यंत. पण रेकार्ड कशी वाजवायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मांडवात पोरं नाचायला लागली की जमीन हलते, जमीन हलली की सुई उडते, आणि सुई उडली की नवरदेवाचा मामा माइकवाल्याला शिव्या देतो. म्हणून लग्नघरी पोचलो की चहाच्या आधी मी शहाबादी फरशी मागायचो. खाली ज्वारीचं पोतं, वर फरशी, फरशीवर रेकार्डची मशीन. मग मशीनच्या फिरत्या थाळीवर पाण्याची ताटली ठेवायची आणि पाणी चारी कडांना सारखं येईपर्यंत मशीनखाली लाकडाच्या खपल्या सारायच्या. मशीन जपानी, हैदराबादेहून आणलेली. तिला पट्टा नाही, थाळीच्या बुडालाच मोटर. खालची बैठक जड आणि सरळ असली की ती कधी कुरकुरत नाही.

हे सगळं मला येत होतं, हे आधी सांगून ठेवतो. कारण पुढचं जे झालं ते न येण्यामुळे झालेलं नाही.

बायको जाऊन दोन वर्षं होत आली तेव्हा लेक उदगीरहून आली. म्हणाली, "अप्पा, आईची ती कन्नड वचनांच्या गाण्यांची रेकार्ड दुसऱ्या वर्षश्राद्धाला लावू. मशीन काढा की माळ्यावरची."

"तिचं लाकडी खोकं कुजलंय."

"मग नवं करा. कामून, सुतार मेले का सगळे?"

बायकोचं माहेर कन्नड बोलणारं. सगळ्या रेकार्डींत तिची म्हणावी अशी ती एकच. लेकीला नाही कसं म्हणणार. पण ती मशीन खाली काढावी असं मला वाटत नव्हतं. दोन वर्षं मी ती मुद्दाम माळ्यावर टाकली होती. वर पत्रा गळत होता हेही मला माहीत होतं.

बसवकल्याणहून ओळखीचा सुतार आला. त्यानं मशीन उलटी करून बाजेवर ठेवली आणि खोक्यात बोट घातलं, तर बोट आत गेलं.

"अण्णा, निस्ता भुसा झालाय. मोटर मातर ठणठणीत हाय. सागाची बैठक करू का?"

"साग हलका पडतो. फरशी पायजे. दोन इंची."

"मग ती हाय की." मागच्या दारातून त्याला भिंतीला टेकवलेली धुण्याची फरशी दिसत होती. "हिचं काय करायलाव आता?"

"ती नको."

"कामून, चिरलीय का?"

"न्हाई."

"मग?"

मी उठून मागचं दार लोटून घेतलं.

ती फरशी मागच्या अंगणात चार विटांवर ठेवलेली असायची. बायको रोज तिच्यावर धुणं धुवायची. एका कोपऱ्यात ती डुलायची. बायको म्हणायची, "आवो, गावभर फरशा सरळ करत हिंडलाव, घरातली कधी करणार?" मी म्हणायचो, उद्या. हे एक-दोन महिने नाही, कित्येक वर्षं चाललं. शेवटी तिनंच इलाज केला. लेकीच्या घरी न्हाणीचं काम चाललं होतं, तिथून निळ्या टाइलीचा एक तुकडा पिशवीत घालून आणला आणि कोपऱ्याखाली सारला. फरशी डुलायची थांबली. मला तिनं दाखवलंसुद्धा. मी म्हटलं, "बरं झालं, माझं काम वाचलं."

मग एके दिवशी सकाळी मी सोप्यात मशीन लावून बसलो होतो. धंदा केव्हाच बंद पडला होता, उगी हौस. मशीनचा एक रबरी पाय हरवलेला, सुई उडत होती. ताटली ठेवली, पाणी एका अंगाला गेलं. पुठ्ठा घातला, जमेना. लाकडाची ढलपी जाड झाली. मग मला तो टाइलीचा तुकडा आठवला. तेवढीच जाडी पाहिजे होती. मागं गेलो, पहारीनं कोपरा जरा उचलला, तुकडा काढला, सरस लावून मशीनच्या हरवलेल्या पायाच्या जागी चिकटवला. पाणी चारी कडांना सारखं आलं. मला त्याचा आनंद झाला, हेही लिहितो.

तिला सांगायचं राहिलं. ती धुणं घेऊन मागं गेली, कोपऱ्यावर पाय ठेवला. मला आवाज आला तेव्हा रेकार्ड चालू होती.

खुबा मोडला. सोलापूरला आपरेशन झालं, पण ती उठून चालली नाही. चार महिन्यांत गेली. डॉक्टरांनी विचारलं, कशी पडली? मी म्हटलं, साबणावरून घसरली. पाहुण्यांना तेच सांगितलं, लेकीलाही तेच.

सुतार उलट्या मशीनचे पाय काढायला लागला आणि हसला. "अण्णा, तीन पाय रबराचे आन चौथा न्हाणीच्या टाइलीचा? माइकवाल्यांचं काय खरं न्हाई बघा."

लेक चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवले आणि त्याच्या हातातून तो पाय घेतला.

"ही माझ्या घरची टाइल हाय. आईनं फरशीखाली घालायला नेलेली. ही हितं कशी आली?"

मी सांगितलं. सुतारासमोरच सांगितलं. तो बिचारा स्क्रू मोजत बसला.

"साबण म्हणलाव तुम्ही."

"व्हय."

"आईला म्हाईत होतं?"

"म्हाईत न्हाई. मी विचारलं न्हाई."

"चार महिने बाजंजवळ बसलाव आन विचारलं न्हाई?"

ती रडली नाही. मी रडलो तर उठून जाईल असं तिचं तोंड होतं, म्हणून मीही रडलो नाही. तिनं सुताराला चहा दिला आणि म्हणाली, "दादा, तीच फरशी घ्या. तिचंच करा." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "रोज बघत जावा."

सुतारानं फरशी नेली, मापात कापून आणली. मोटर बसेल एवढं गोल भोक पाडलं, कडेनं सागाची चौकट मारली. वरच्या बाजूला अजून धुण्यानं आलेला गुळगुळीतपणा आहे. हात फिरवला की कळतो.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी ताटली ठेवली. पाणी जरासं एका कोपऱ्याला गेलं. लेकीनं त्या दिवशी कपांजवळ ठेवून दिलेला टाइलीचा तुकडा माझ्या खिशात होता आणि जाडी बरोबर तेवढीच लागत होती. मी तो घातला नाही. त्याऐवजी खाली सारायला वहीचं पान दुमडत बसलो. लेक दारातून बघत होती. तिथून हलली नाही.

रेकार्ड पूर्ण वाजली. सुई एकदाही उडली नाही. दुसरी बाजू लेकीनं स्वतः लावली. मी उठून मागच्या अंगणात गेलो. चार विटा तिथंच होत्या, मधे गवत आलेलं. डुलणाऱ्या कोपऱ्याची वीट मला न शोधता सापडली. तुकडा तिच्यावर ठेवला. वर बसवायला आता फरशी नव्हती.