पिशवीतला फोन

ताई, मी कोलकात्याला निघालो त्या दिवशी अप्पा दशाश्वमेध घाटावरून थेट स्टेशनवर आले होते. कुणा यजमानाचं श्राद्ध आटोपून. धोतर अर्धं ओलं, बोटांना तीळ चिकटलेले. माझ्या बॅगेतून फुटबॉलचे बूट बाहेर डोकावत होते, ते त्यांनी स्वतःच्या हातांनी आत ढकलले. भिक्षुकाच्या हाताला चामडं लागलं म्हणून आई पुटपुटली. अप्पा एवढंच म्हणाले, "रोज एक फोन कर. बाकी तुझं तू बघ."

रोज केला. बारा वर्षं स्टॉपर म्हणून, गोलसमोरचा बचाव सांभाळत खेळलो, गुडघा दोनदा फाटला, पण फोन चुकला नाही. मराठी माझ्या तोंडात तेवढीच पाच मिनिटं यायची. बाकी दिवसभर बांगला, हिंदी आणि शिव्या. 'जेवलास का' विचारून झालं की अप्पा घाटावरचं सांगायचे. एकदा सोलापूरचा कोणी बापाच्या अस्थी वर्षभरानं घेऊन आला, शरमेनं मान वर करेना. अप्पा त्याला म्हणाले, "आलात ना, पोचलं."

मी कर्णधार झालो आणि मला शहाणपण सुचलं. सामन्याआधी पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची. मी नियम काढला: सगळ्यांचे फोन आवाज बंद करून एका कापडी पिशवीत, शेवटची शिट्टी झाल्यावरच परत. पिशवीत पहिला फोन माझा.

त्या रविवारी पिशवी लॉकरमध्ये होती आणि मी नव्वद मिनिटं एकही गोल होऊ दिला नाही. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. मग फोन हातात आला, तर तुझे सतरा मिस्ड कॉल.

अप्पा दुपारपर्यंत शुद्धीवर होते, हे तू नंतर सांगितलंस. तू फोन त्यांच्या कानाला लावून धरला होतास आणि ते नुसती रिंग ऐकत होते. "खेळत असेल," म्हणाले. ताई, हे तू सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं. सांगितलंस, तेही बरंच केलंस.

शेवटासाठी अख्खा देश काशीला येतो. मी काशीचाच, हावड्याहून गाडी धरून पोचलो तेव्हा सकाळ झाली होती आणि अप्पांचं सगळं उरकलं होतं. अग्नी तू दिलास. त्यावर मोहल्ल्यातले काय काय बोलले, तेही तू एकटीनं ऐकलंस.

आता मी कोच आहे. पिशवी अजून आहे, पण आमच्या मसाजवाल्या काकांकडे, बाकावर, सगळे फोन वाजते ठेवून. घरून फोन आला की सामना चालू असला तरी मला सांगायचं. मागच्या सेमीफायनलला माझ्या स्टॉपरच्या घरून आला. वडील अत्यवस्थ. सत्तराव्या मिनिटाला त्याला बाहेर घेतलं. त्याच्याच जागेतून गोल खाल्ला, हरलो. क्लबवाल्यांनी विचारलं, अक्कल गहाण ठेवलीय का? म्हटलं, हो. तो रेषेबाहेर गुडघ्यावर बसून बापाशी बोलत होता. मला रडू यायला लागलं, म्हणून मी मैदानाकडे तोंड करून उभा राहिलो.

यंदा बऱ्याच वर्षांनी श्राद्धाला आलो. तू घरी स्वयंपाकात होतीस. गाडी लेट, घाटावर पोचेपर्यंत वेळ टळत आली होती. अप्पा ज्या लाकडी चौकीवर बसून विधी सांगायचे, तिच्यावर त्यांचा शिष्य बसला होता. त्यानं मला फक्त तेव्हाच्या तेरा दिवसांत, मुंडण केलेल्या डोक्यानं पाहिलं होतं, त्यामुळे ओळखलं नाही. "कुठून आलात?" त्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडून 'कोलकाता' निघून गेलं. उशिराबद्दल मी माफी मागायला लागलो, तर तो अप्पांच्याच सुरात म्हणाला, "आलात ना, पोचलं."

सोलापूरच्या त्या माणसाचं पोचलं असेल. माझं नाही पोचलं. घर म्हणजे आता तुझा नंबर, ताई, रोजची पाच मिनिटं. कधीकधी तू कामात असतेस, उचलायला वेळ लावतेस. लाव. तेवढा वेळ मी फोन कानाला लावून नुसती रिंग ऐकत असतो, त्या दुपारी अप्पांनी ऐकली तशी.